वाटीखालचा काळा डाग

३ फेब्रुवारी ९७, सोमवार
नवा प्रोब आज सोनोग्राफी मशीनला लागला. चपटा, साबणाच्या वडीएवढा. डॉक्टर म्हणाले, पोटाचा प्रोब खोल बघतो, हा कातडीखालचं बघतो. आता आपण गुडघे करायचे. वाशीत कुणी करत नाही.
माझी कामं: गुडघा उघडा करणे, पाय टेबलावर नीट ठेवणे, गुडघ्याखाली गुंडाळी सरकवणे (टॉवेल घट्ट गुंडाळून वर रेक्झिनचं टोपण, मीच शिवून घेतलं), जेल लावणे, पुसणे, नाव व बाजू टाईप करणे, संध्याकाळी रिपोर्ट टाईप करणे. वहीत लिहून घेतलं.
तुर्भ्याचे हाडांचे डॉक्टर मार्केटमधले हमाल पाठवणार आहेत. आज दोघे आले. बाहेर गरोदर बायकांच्या रांगेत बसले आणि खाली मान घालून हसत होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "गण्या, तुला मुलगा का मुलगी, सांगनार न्हाईत हां. बोर्ड लावलाय."

७ फेब्रु., शुक्र.
डॉ. मोकळे होते, म्हणून पडद्यावर दाखवलं. गुडघ्याची वाटी खाली नडगीच्या हाडाला एका जाड दोरीने बांधलेली असते. माणूस उठतो, बसतो, चढतो, तेव्हा सगळा ताण त्या दोरीवर. चांगली दोरी पडद्यावर पांढऱ्या बारीक रेघांची दिसते, ओल्या केसांतून कंगवा फिरवल्यासारखी. फाटली किंवा सुजली की तिथे काळं.
patellar हा शब्द दहा वेळा लिहिला. दोन l. tendinitis लिहिताना मधला i विसरू नये. अकरावीत शाळा सुटली तरी स्पेलिंगवरून मला आजवर कुणी बोललेलं नाही. बोलणारही नाही.

१८ फेब्रु., मंगळ.
आज अठरा पेशंट. डॉ.ना चार वाजता पनवेलच्या सेंटरला पोचायचं होतं.
काल संध्याकाळी गुंडाळीच्या टोपणाला वास येतोय असं वाटलं. सकाळी येऊन टोपण आणि टॉवेल दोन्ही धुतले, गॅलरीत टाकले. दुपारपर्यंत वाळले नाहीत. पोटाच्या पेशंटना लागत नाहीत. गुडघ्याचा एकच होता, तसंच चालवलं.
तो एक म्हणजे साळुंखे, कांदा-बटाटा मार्केट, वय ४४, उजवा गुडघा. गाव पाटणकडे. गुंडाळी नाही म्हणून मी त्यांना पाय दुमडून धरायला सांगितलं, तर म्हणाले, "वाकीवला की कळ येती बगा. सरळच ऱ्हाऊ द्या की." राहू दिला. वाटीखाली काळा डाग, तांदळाच्या दाण्याएवढा. डॉ. "अं, हे बघ" म्हणाले, प्रिंट घेतली, निघाले. जिन्यातूनच सांगितलं: दोरी अर्धवट फाटली आहे, वजन उचलणे बंद.
रिपोर्ट टाईप केला. दोनदा तपासला. एकही चूक नाही.
जाताना साळुंख्यांनी विचारलं, "कंपौंडरसाहेब, काय निगालं?" मी म्हटलं, डाग आहे. ते म्हणाले, "आमच्यात डाग म्हंजे दागिना." आणि आपणच हसले.

१९ फेब्रु.
टोपण वाळलं. आता वास नाही.

३ मार्च, सोम.
आज डॉ.कडे एक नवीन डॉक्टर शिकायला आले, ठाण्याचे. मला टेबलावर झोपवून माझ्या गुडघ्यावर दाखवत होते. मी छताकडे बघत होतो.
डॉ. म्हणाले, "पहिली चूक सगळे ही करतात. पाय सरळ ठेवतात. सरळ पायात दोरी सैल पडते, मधे झोळ येतो. मशीनच्या आवाजाच्या लाटा झोळावर तिरक्या आदळतात, परत येत नाहीत, आणि चांगली दोरी काळी दिसते. आजार नसतानाचा काळा डाग. हे बघा." गुंडाळी काढली. "हे बघा, आला. आता परत ठेव सुधीर. गेला."
मग म्हणाले, "म्हणून ही गुंडाळी. आमचा सुधीर कधी विसरत नाही."
ठाण्याचे डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. मी जेल पुसलं.
जेवलो नाही.

४ मार्च
रजिस्टर काढलं. १८ फेब्रु. गुडघा एकच. साळुंखे.
डॉ. जेवायला गेले तेव्हा दार लोटून मशीन चालू केलं. मशीनला हात लावायची मला परवानगी नाही, हे लिहून ठेवतो. माझा उजवा गुडघा, गुंडाळी ठेवून: पांढऱ्या रेघा. काढून: काळा. ठेवून: पांढरा. काढून: काळा. प्रोब इंचभर कलंडला तरी येतो-जातो. कुणीतरी डोळा मिचकावल्यासारखा.
माझ्या दोरीत काही नाही. तरी साळुंख्यांच्या प्रिंटवर आहे तसाच डाग, त्याच जागी, त्याच मापाचा.
आत आयाबाई आल्या, कुंदाबाई, दिवाळे गावच्या. "काय रं, तुजे गुडघ्यान पोर हाय का?"
मी प्रोब खाली ठेवला. मशीन बंद करताना त्यांनी पाहिलं.

६ मार्च
बशीत चहा ओतला की मधे काळं दिसतं. ताईकडे राहतो, तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आहे, तिचा आकारही तांदळासारखा. ताई म्हणाली, "भिंतीत काय बघतोस? सोसायटीवाले करणारेत दुरुस्ती."
सारखं मनात: मी धुतलं नसतं तर. वासच नव्हता. मला वाटला.

९ मार्च, रवि.
आज मार्केटला गेलो. रविवारीही गाड्या असतात. कांद्याच्या गाळ्यांशी विचारलं, साळुंख्यांची टोळी कुठली. एकाने हनुवटीने दाखवलं.
साळुंखे मामा खाली बसून फाटक्या गोण्या शिवत होते. मोठं दाभण, सुतळी. उजवा पाय लांब सरळ सोडलेला. 
"अवो कंपौंडरसाहेब! बसा. गोनीवर बसा, स्वच्छ हाय." चहा मागवला. शेजारून एक तरुण गोणी पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होता. मामा म्हणाले, "त्यो ज्ञानू. माजा धाकटा भाऊ. माज्या जाग्यावर हाय सध्या."
मग कळलं ते लिहितो. टोळीत जागा एकाची असते. जागेचा मालक सुटला की घरातला दुसरा कुणी उभा राहतो. थोडे दिवस बदली म्हणून चालतं, नंतर मुकादम म्हणतो, एक काय ते ठरवा. पाडव्याला ज्ञानूचं नाव लागणार. "एकदा नाव गेलं की गेलं. परत टोळीत कोन घेतंय? म्हाताऱ्या बैलाला कोन इकत घेतंय?"
मी विचारलं, तुम्ही काय करणार? म्हणाले, "शिवीन की गोन्या. न्हाईतर गावाकडं. तिथं काय हाय म्हना. भावजयीच्या हातचं खायाचं." दाभण दातात धरून सुतळी ओढली. "पर तुमी बगितलंत म्हनून बरं. न्हाईतर तुटलीच आस्ती. कागूद दावला मुकादमाला. इंग्लिशमधी हाय, कुनी काय बोललं न्हाई."
कागदाची घडी त्यांच्या बंडीच्या खिशात होती. मी टाईप केलेली.
चहा प्यायलो. बोललो नाही. सुरुवात दोनदा केली, "मामा, त्या दिवशी—" दोन्ही वेळा कुणी ना कुणी हाक मारली. नसती मारली तरी मी—

१३ मार्च, गुरु.
आज डॉ.ना सांगणार होतो. सकाळी सव्वानऊला, पेशंट यायच्या आधी. वाक्य लिहूनही नेलं होतं.
डॉ. फोनवर होते, तुर्भ्याच्या डॉक्टरांशी. "नाही नाही, हाताला लागलं नसतं, पडद्यावर धरलं. तो हमाल, साळुंखे. अहो, वाचला तो." फोन ठेवून मला म्हणाले, "अजून सहा पाठवतायत. तुझ्या साळुंख्यामुळे."
वाक्य खिशातच राहिलं.

१७ मार्च, सोम.
कुंदाबाईंना सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. त्या चादरी बदलत होत्या.
ऐकून म्हणाल्या, "मंग? त्याला आराम मिलला ना? मिलू दे. आमचे बापाला कोन बोलला नाय आराम कर म्हनून. होडीन बसून कंबर गेली."
मी म्हटलं, त्याची जागा जातेय.
"तुजी नाय ना जात? तू बोललास की तुजी जाल." थांबून, उशीला खोळ घालत: "पन तुजा तोंड बगून वाटतं, तू बोलनारच. मंग लवकर बोल बाबा. मेल्यासारका फिरतंस."

१८ मार्च
बरोबर एक महिना झाला. आज गुडघ्याचे चार. चारही वेळा गुंडाळी ठेवल्यावर हात घालून पाहिलं, आहे ना. चौथ्या बाई म्हणाल्या, "अहो, किती वेळा उचलता पाय?"

२० मार्च, गुरु.
सांगितलं.
शेवटचा पेशंट गेल्यावर. लिहून नेलेलं वाक्य वाचलंच नाही, भलतंच बोललो. टोपणाला वास येत होता इथून सुरुवात केली. डॉ.ना आधी कळेचना.
कळल्यावर त्यांनी प्रिंट मागवली. मी काढूनच ठेवली होती. उजेडाकडे धरली, खूप वेळ. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं.
"पाय सरळ होता हे मला दिसायला हवं होतं. प्रोब माझ्या हातात होता, तुझ्या नाही."
मी प्रिंटसाठी हात पुढे केला, त्यांनी दिली नाही.
"म्हणजे दोरी फाटलेली नसेलच असं नाही हां. असेलही. सैल दोरीत डाग असा दिसतो आणि फाटक्या दोरीतही असाच दिसतो. या कागदावरून आता देवालाही सांगता येणार नाही." मग: "बोलाव त्याला. पुन्हा करू. पण ऐक, चित्र म्हणजे दुखणं नव्हे. चित्र पांढरं आलं तरी वाटीखाली दाबून दुखतं का ते बघायचं. दोन्ही जुळलं तरच गोण्या उचल म्हणायचं. नाहीतर नाही."
 ताईने केलेलं सगळं जेवलो. ती म्हणाली, "आज भिंत बरी दिसते वाटतं."

२२ मार्च, शनि.
मार्केटला जाऊन मामांना निरोप दिला. कारणही सांगितलं, सरळ: चूक माझी, पाय दुमडायला हवा होता, डाग कदाचित खोटा.
मला शिव्या अपेक्षित होत्या.  त्यांनी ज्ञानूकडे बघितलं, तो लांब होता. हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे काळं न्हाई निगालं, तर जागा ऱ्हाती?"
मी म्हटलं, काळं नाही आणि दाबल्यावर दुखलंही नाही, तर.
"दाबल्यावर," ते म्हणाले.
हे मी सांगायला नको होतं. हे आता, लिहिताना कळतंय.

२५ मार्च, मंगळ.
साळुंखे मामा दहालाच आले. कानाच्या पाळीत कालच्या धुळवडीचा गुलाबी रंग. अंघोळ करून, स्वच्छ लेंगा. आज मी गुंडाळी ठेवली, तर पाय आपणहून वाकवला. कळ नाही, काही नाही. मी चेहऱ्याकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.
डॉ.नी प्रोब ठेवला. पांढऱ्या रेघा. सगळीकडे पांढऱ्या. फक्त वाटीच्या टोकाशी थोडं करडं, धुरकट. डॉ.नी प्रोब इकडे तिकडे कलंडवला. करडं कमी झालं, पूर्ण गेलं नाही. "हे वयाचंही असू शकतं," स्वतःशीच म्हणाले. मग मला, "टाच धर. हलू देऊ नकोस." आणि पडद्यावरची नजर न काढता वाटीखाली अंगठा रोवला.
"दुखतं?"
"न्हाई जी."
"इथे?"
"न्हाई."
माझ्या हातात त्यांची टाच होती. अंगठा रोवला तेव्हा पोटरी दगडासारखी झाली. पायाची बोटं आत वळली, सगळी पाचही, आणि तशीच राहिली. टाच माझ्या तळहातात रुतली. आवाज मात्र नेहमीचा. "न्हाई जी, काय न्हाई. गुदगुल्या हुत्यात."
डॉ. हसले.
मी वर बघितलं. मामा आता छताकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. विनवणी नव्हती त्यात. नुसतं बघत होते, मी काय करतो ते.
मी टाच सोडली. जेल पुसलं.
रिपोर्ट: दोरी सर्वसाधारण, दाबल्यावर वेदना नाही, काम सुरू करण्यास हरकत नाही. टाईप केला. no tenderness. दोनदा तपासला.

२६ मार्च
डॉ. म्हणाले, "बरं झालं बोललास. सगळे बोलत नाहीत." तुर्भ्याच्या डॉक्टरांनाही त्यांनी स्वतः फोन करून पहिला रिपोर्ट चुकल्याचं सांगितलं. मोठा माणूस.
मी "हो सर" म्हटलं. तेव्हाच सांगता आलं असतं. चोवीस तासही झाले नव्हते.

२९ मार्च, शनि.
मामा सेंटरवर आले. हातात पिशवीभर कांदे, निवडक, एका मापाचे. "घरी द्या." ज्ञानू काल गावी गेला म्हणाले. जाताना बोलला नाही, पायाही पडला नाही. "लगीन ठरत हुतं त्याचं, ह्या जाग्याच्या जीवावर. आता बगू."
हे मला माहीत नव्हतं.
जिन्यात त्यांना गाठलं. म्हटलं, मामा, त्या दिवशी दाबलं तेव्हा दुखलं ना?
"तुमाला काय वाटतं?"
माझ्या हातात पाय होता, म्हटलं.
ते कठड्याला धरून एक पायरी उतरले. "पंदरा वरसं दुखतंय, साहेब. टोळीतला कुनाचा गुडगा दुखत न्हाई ते दावा मला. दुखतंय म्हनून घरी बसलो आस्तो तर पोरगी बारावीला गेली नसती." अजून एक पायरी. "तुमी खरं बोललात, माजी जागा ऱ्हायली. आता आनखी खरं बोलू नगा. लई झालं."
उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होते.
कांदे ताईला दिले. तिने विचारलं कुणी दिले. पेशंटने, म्हटलं. कांदा चिरताना ती म्हणाली, "किती घट्ट आहे बघ, आत एक काळा पदर नाही."
मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

१ एप्रिल, मंगळ.
आता बशी, भिंत, काही नाही. आता हातात. उजव्या तळहातात टाच रुतलेली असते. टाईप करताना, भाकरी मोडताना. हात धुतला तरी.
आधी नसलेला डाग दिसला म्हणून झोप गेली होती. आता असलेलं दिसलं नाही म्हणून. डॉक्टरांना बोटं दिसली नाहीत, ते पडद्याकडे बघत होते. मामांनी सांगितलं नाही. म्हणजे जगात हे फक्त माझ्या हाताला माहीत आहे.
सांगितलं, तर डॉ. रिपोर्ट फिरवतील. पाडवा आठवड्यावर. ज्ञानू परत येईल. न सांगितलं आणि दोरी फळीवर तुटली, तर शंभर किलोची गोणी अंगावर. डॉ. म्हणाले होते, तुटताना आवाज येतो, काठी मोडल्यासारखा.
मामांची मुलगी बारावीला. पेपर चालू असतील, की संपले?

३ एप्रिल, गुरु.
कुंदाबाईंनी विचारलं, "झाला ना आता? सांगितलास, मोकला झालास. मंग परत तोंड का असा?"
मी म्हटलं, झोप नाही.
"तुला कोन तरी लागला हाय," त्या म्हणाल्या. थट्टेत. पण मीठ-मिरची घेऊन माझ्यावरून उतरवून जाळली, सेंटरच्या गॅलरीत, डॉ. नसताना. मिरचीचा ठसका आला नाही. ठसका नाही म्हणजे दृष्ट आहे, असं त्या मानतात.

८ एप्रिल, पाडवा
सेंटर बंद. ताईकडे गुढी, श्रीखंड. मार्केटलाही सुट्टी. आज जागा मामांच्याच नावावर राहिली असणार. मी दिवसभर घड्याळ बघत होतो, कशासाठी माहीत नाही.
दुपारी भाऊजींना सहज विचारलं, एखाद्याने शपथेवर सांगितलं की दुखत नाही, तर दुसऱ्याने म्हणावं का, की दुखतं? भाऊजी म्हणाले, "ज्याचा गुडघा त्याचं तोंड." वामकुक्षीला गेले.
मी गुडघा म्हटलंच नव्हतं. ताईसमोर कधी तोंडातून गेलं असेल.

११ एप्रिल, शुक्र.
सकाळी डॉ.नी हात धुता धुता विचारलं, "काय रे, तुझा साळुंखे कसा आहे? फॉलो-अपला आला नाही."
मी म्हटलं, "कामावर आहे सर."
"त्रास नाही ना?"
त्यांनी नळ बंद केला, टॉवेल घेतला, माझ्याकडे बघितलं. खरोखर विचारत होते. पुढचा पेशंट आत आला नव्हता. फोन वाजत नव्हता. कुणी हाक मारली नाही.
मी म्हटलं, "संध्याकाळी बघून येतो सर. मग सांगतो."
साडेपाचला गेलो. एक गाडी भरायला लागली होती. मामा फळीवर होते. मी समोरच्या गाळ्याच्या खांबाशी उभा राहिलो, त्यांना दिसणार नाही असा. डावा पाय आधी टाकतात, उजवा मागून ओढून घेतात. गोणी खाली असताना सगळ्यांशी बोलतात, कुणाला तरी "अरं जावयबापू" म्हणून चिडवत होते. गोणी पाठीवर आली की एक शब्द नाही.
मोजत होतो. चौदा झाल्या. चौदाव्यानंतर ते फळीच्या पायथ्याशी थांबले, वाकले आणि वाटीखाली अंगठा दाबून धरला. बरोबर त्याच जागी. तोंड उघडं होतं. टोळीतला एक मामांना म्हणाला, "काय झालं, सदाभाऊ?" "काय न्हाई. सुतळी अडाकली." आणि पाठ वाकवून उभे राहिले.
दोघांनी पंधरावी उचलून त्यांच्या पाठीवर चढवायला घेतली तेव्हा मी वळलो आणि चालू लागलो. मार्केटच्या गेटपर्यंत कान तिकडेच होते. गाड्यांचे हॉर्न, हमालांची ओरड, काही कळत नव्हतं.
डॉक्टर सात वाजेपर्यंत सेंटरवर असतात. आता सहा पन्नास. मी खाली जिन्याशी बसून हे लिहितो आहे. वर दिवा आहे.